दातदुखीची गोळी पोटात असताना नसेच्या चाचणीवर किती विसंबावे?

प्रश्न असा आहे: खालची डावी दाढ दोन दिवस ठणकते आहे. दर सहा-आठ तासांनी आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम घेऊन दिवस ढकलला जातोय. उद्या दंतवैद्य गार लावून, ठोकून, दाबून 'नस जिवंत आहे का' ते पाहणार आहेत. गोळीमुळे चाचणी चुकेल का? आणि चुकणार असेल तर गोळी बंद करून दुखणे सोसत जायचे का?

चुकू शकते. पण ती दोन्ही बाजूंनी चुकत नाही, एकाच बाजूने चुकते, आणि हे लक्षात राहिले तर निम्मा घोळ मिटतो. गोळी असलेले दुखणे झाकते, नसलेले निर्माण करत नाही. म्हणून गोळीचा अंमल चालू असताना जी चाचणी दुखली ती खरी धरायची. जी दुखली नाही तिच्यावरून मात्र 'दात ठीक आहे' असे म्हणायचे नाही. सोसण्याबद्दल म्हणाल तर रात्रभर तळमळत बसायची गरज नसते, एक डोस नीट जुळवला की पुरते. त्याकडे पुढे येतो.

आधी ही चाचणी नेमके काय मोजते ते पाहू, कारण तिच्या नावातच फसगत आहे. दाताच्या आत जो मऊ भाग असतो, ज्याला दंतवैद्य पल्प आणि आपण सरसकट 'नस' म्हणतो, त्यात रक्तवाहिन्या असतात आणि मज्जातंतूही. दात जिवंत आहे की नाही हे ठरते रक्तपुरवठ्यावर. गार लावणे किंवा विजेचा सूक्ष्म प्रवाह देणे या चाचण्या रक्ताबद्दल काहीच सांगत नाहीत, त्या फक्त मज्जातंतू उत्तर देतोय का ते पाहतात. म्हणजे एका गोष्टीवरून दुसरीचा अंदाज बांधला जातो. वेदनाशामक औषध नेमके या अंदाजाच्या वाटेत येते.

पल्पमध्ये दुखणे वाहून नेणारे तंतू मुख्यतः दोन प्रकारचे. ए-डेल्टा तंतू जलद असतात. गार लागताच दातातल्या सूक्ष्म नलिकांमधला द्रव हलतो आणि हे तंतू झटकन सणक देतात. ही सणक निरोगी दातातही येते, फक्त गार काढले की एक-दोन सेकंदांत विरते. सी तंतू सावकाश चालणारे आणि खोलवर असलेले. पल्प सुजला की ते जागे होतात, आणि मग येतो तो ठणका: बोथट, पसरणारा, नेमका कुठून येतोय ते न कळणारा, गार काढल्यावरही रेंगाळणारा.

सुजलेल्या पल्पमध्ये प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायने तयार होतात. ती स्वतः फारशी वेदना देत नाहीत, ती तंतूंचा उंबरठा खाली आणतात. एरवी ज्या स्पर्शाला तंतू दाद देणार नाही त्याला तो ओरडतो. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, ॲस्पिरिन या गटातली औषधे प्रोस्टाग्लँडिन तयार होणेच रोखतात, त्यामुळे उंबरठा पुन्हा वर जातो. बधिरतेच्या इंजेक्शनासारखा तंतूचा आवाज ती बंद करत नाहीत. इथेच खरी मेख आहे. निरोगी दातात प्रोस्टाग्लँडिनचा गोंधळ नसतोच, म्हणून गोळी घेतली तरी निरोगी दात गाराला पूर्वीसारखेच उत्तर देतो. आजारी दातात मात्र जे वाढीव आहे तेच गोळी खाली आणते, आणि निदान सगळे त्या वाढीव भागावरच उभे असते. आजारी दात काही तासांपुरता निरोगी शेजाऱ्यासारखा वागू लागतो.

याचे मोजमाप झालेले आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दातदुखी असलेल्या ४२ रुग्णांच्या चाचण्या करून काहींना ८०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन आणि बाकीच्यांना औषध नसलेली गोळी दिली. कोणाला काय दिले हे रुग्णालाही ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्यालाही. तासाभराने त्याच चाचण्या पुन्हा केल्या. जिवंत पण सुजलेल्या दातांमध्ये आयबुप्रोफेनमुळे हिरडी दाबल्यावरचे दुखणे ४० टक्क्यांमध्ये झाकले गेले, ठोकल्यावरचे २५ टक्क्यांमध्ये आणि गाराचे २५ टक्क्यांमध्ये. औषध नसलेल्या गोळीने काहीच झाकले नाही. पल्प मेलेल्या दातांमध्ये हा परिणाम कमी होता, आणि चावण्याचा जोर उपकरणाने मोजला तेव्हा फारच थोडा फरक पडला. अभ्यास लहान आहे आणि डोस नेहमीच्या दुप्पट आहे, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे ४०० च्या गोळीला लावू नयेत. दिशा मात्र त्यातून स्पष्ट कळते: आधी दाबण्याची चाचणी बिघडते, मग ठोकणे आणि गार.

व्यवहारात याने नुकसान दोन प्रकारे होते.

पहिला प्रकार निदान सौम्य ठरण्याचा. समजा गार काढल्यावर कळ २५-३० सेकंद रेंगाळणारा दात आहे. हा पल्प सहसा पूर्ववत होत नाही, त्याला रूट कॅनाल किंवा पल्पचा काही भाग काढण्याचा उपचार लागतो. गोळीच्या अमलात हीच कळ पाच सेकंदांत मावळली तर तपासणारा 'सूज आहे पण उतरेल' असे मानतो, किडलेला भाग काढतो आणि फिलिंग करतो. संध्याकाळी बधिरताही उतरते आणि गोळीही उतरते. मग रात्री दोन वाजता तोच दात पहिल्यापेक्षा जास्त ठणकतो, आणि रुग्णाला वाटते की फिलिंगनेच बिघडवले. फिलिंगचा दोष नसतो, चाचणी चुकीच्या तासाला झालेली असते.

दुसरा प्रकार अधिक वाईट: चुकीचा दात. पल्पच्या दुखण्याला पत्ता नसतो. खालची दाढ वरच्या जबड्यात दुखू शकते, मागची दाढ कानात कळ मारते. नेमका दात सापडतो तो मुख्यतः ठोकून, कारण मुळाभोवतीच्या पडद्यात जागा ओळखणारे तंतू असतात आणि सूज तिथवर पोहोचली की रुग्ण 'हाच तो' असे बोट ठेवून सांगू शकतो. गोळीने हेच बोट काढून घेतले की उरतो अंदाज. मोठे जुने फिलिंग असलेल्या दोन दाढा शेजारी असतील तर या अंदाजावर कुणी दात उघडू नये.

आता गार लावण्याची चाचणी जवळून पाहू, कारण रुग्णाच्या बाजूनेही तिच्यात बरेच बिघडते. दात गॉझने कोरडा करतात, गालाकडे कापसाची गुंडाळी ठेवतात. टेट्राफ्लुरोइथेन असलेला गार फवारा साधारण उणे २६ अंशांचा असतो. तो दातावर थेट मारत नाहीत. चिमट्यात धरलेल्या कापसाच्या लहान बोळ्यावर मारून, बोळ्यावर बर्फाची पांढरी साय धरली की तो दाताच्या बाहेरच्या पृष्ठभागाच्या मध्यावर टेकवतात. बोळा फार लहान किंवा अर्धवट भिजलेला असेल तर पुरेसे गार पोहोचत नाही, आणि 'काही जाणवले नाही' असे उत्तर येते. बर्फाचा खडा वापरला तर वितळलेले पाणी हिरडीवर ओघळते आणि रुग्ण हिरडीचा गारवा दाताचा म्हणून सांगतो.

रुग्णाने जाणवताक्षणी हात वर करायचा आणि कळ पूर्ण गेली की खाली घ्यायचा. तोंडाने सांगायला जाऊ नये, बोलताना ओठ-जीभ हलून बोळा सरकतो. तपासणाऱ्याने तीन गोष्टी लिहायच्या: किती सेकंदांनी जाणवले, किती तीव्र, काढल्यावर किती सेकंद राहिले. नुसते 'गार: होय' लिहिणे म्हणजे चाचणी निम्मी फेकून देणे. गोळीचा अंमल या तिसऱ्या आकड्यावर दिसतो, आणि तो लिहिलाच नसेल तर काय झाकले गेले हे नंतर कुणालाही कळत नाही.

सुरुवात दुखऱ्या दातापासून करायची नाही. आधी त्याच जबड्यातला दुसऱ्या बाजूचा तोच दात, मग शेजारचे, मग संशयित. रुग्णाचा 'सामान्य' कसा आहे हे कळल्याशिवाय 'असामान्य' ठरवता येत नाही. गोळी घेतलेल्या रुग्णात ही तुलना दुप्पट महत्त्वाची, कारण निरोगी दातांवर गोळीचा परिणाम जवळजवळ नसतो आणि ते पट्टीसारखे वापरता येतात. संशयित दात शेजाऱ्यापेक्षा दोन-तीन सेकंदच जास्त रेंगाळला, तरी गोळीच्या अमलात तो फरक दुर्लक्षून चालत नाही. एका दाताने जोराची कळ दिली तर ती पूर्ण विरून काही मिनिटे गेल्यावरच पुढचा दात घ्यावा.

ठोकण्याची चाचणी आधी बोटाने हलके दाबून, मग आरशाच्या दांड्याने उभी आणि आडवी. कोणता दात कधी ठोकणार हे रुग्णाला कळू देऊ नये, नाहीतर तो संशयित दातावर आधीच आक्रसतो.

विजेच्या चाचणीबद्दल थोडक्यात. प्रचलित यंत्रांवर ० ते ८० असा आकडा दिसतो आणि लोक त्याला रक्तदाबासारखा वाचतात. ३० म्हणजे ५० पेक्षा निरोगी असे अजिबात नसते. ही चाचणी फक्त प्रतिसाद आहे की नाही एवढेच सांगते, सूज किती हे नाही. त्यामुळे गोळीने झाकण्यासारखे तिच्यात मुळातच कमी असते.

उलट बाजूचा गैरसमजही दिसतो. गाराला काहीच उत्तर आले नाही की 'गोळी घेतली होती म्हणून' असे म्हणून विषय मिटवला जातो. वर सांगितल्याप्रमाणे या गोळ्या तंतू बधिर करत नाहीत. पूर्ण शून्य उत्तर आले तर आधी पल्प मेला असण्याचा विचार करायचा. मग इतर कारणे: वयामुळे किंवा जुन्या किडीमुळे आतली पोकळी भरून आलेली, दातावर जाड कॅप, लहान मुलात मूळ पूर्ण न झालेला दात, किंवा नुकताच मार लागलेला दात, जो काही आठवडे, कधी तीन महिनेही गप्प राहून नंतर उत्तर देऊ लागतो. गोळीचा क्रमांक या सगळ्यांनंतर.

औषधा-औषधात फरक आहे, आणि तो मुख्यतः वेळेचा आहे. आयबुप्रोफेनचे रक्तातले प्रमाण सुमारे दोन तासांत निम्मे होते. आठ तासांत चार वेळा निम्मे, म्हणजे सोळावा हिस्सा उरतो. डायक्लोफेनॅकही असेच लवकर उतरते, पण त्याच्या सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या असतात, त्या दिवसभर काम करतात. नॅप्रोक्सेनला निम्मे व्हायला १२ ते १७ तास लागतात, एटोरिकॉक्सिबला सुमारे २२, पिरॉक्सिकॅमला तर दोन दिवसांच्या आसपास. म्हणून 'सकाळपासून गोळी घेतली नाही' हे वाक्य आयबुप्रोफेनच्या बाबतीत उपयोगाचे आहे, काल रात्रीच्या एटोरिकॉक्सिबच्या बाबतीत नाही. पॅरासिटामॉल दाहावर फारसे काम करत नाही, तरी दुखणे कमी करतेच, म्हणून तेही सांगायचे. बऱ्याच जोडगोळ्यांमध्ये दोन किंवा तीन औषधे एकत्र असतात. पाकिटाचा फोटो काढून नेणे हा सर्वांत सोपा उपाय.

ट्रामाडॉल, कोडीनसारखी औषधे मेंदूकडच्या वाटेवर काम करतात. ती घेतली की तीव्रता सांगणेच बदलते, रुग्ण 'दुखतंय पण एवढं नाही' असे म्हणतो. स्टेरॉइड कुठल्याही कारणाने चालू असेल तर ते दाहाच्या मुळावर घाव घालते आणि त्याचा परिणाम वेदनाशामकापेक्षा लांब टिकतो. प्रीगॅबालिन, कार्बामाझेपिन यांसारखी नसांची औषधे बहुतेक लोक सांगायला विसरतात, कारण ती 'दाताची' नसतात. आणि गोळ्यांबाहेरचे घरगुती उपाय: लवंगेचे तेल आणि बेन्झोकेनचे जेल किडीच्या पोकळीत भरले असेल तर त्या जागेपुरती संवेदना खरोखर मंदावते, त्या दिवशी सकाळी ते लावू नये. ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून ठेवणे तर कधीच नको. दुखणे थांबत नाही, हिरडी मात्र पांढरी पडून भाजते, आणि मग दाबल्यावर जे दुखते ते भाजल्याचे की मुळाचे हे ठरवणे अवघड होते.

बधिरतेचे इंजेक्शन हा वेगळा विषय. ते दिले की त्या भागातल्या गार, ठोकणे या चाचण्या संपल्या. ज्या दातांबद्दल शंका आहे त्या सगळ्यांच्या चाचण्या सुईआधी झाल्या पाहिजेत.

उद्याची भेट सकाळी दहाला आहे असे धरू. शेवटची आयबुप्रोफेन रात्री अकराला घेतली तर चाचणीच्या वेळी अकरा तास झालेले असतील, ते उत्तम. रात्री तीनला ठणक्याने जाग आली तर गोळी घ्या. सात तास मिळतात, बऱ्यापैकी चालतात. सकाळी नऊला घेतलेली गोळी मात्र चाचणीच्या ऐन वेळी भरात असते, ती टाळा. नाहीच टाळता आली तर लपवू नका. एका चिठ्ठीवर औषधाचे नाव, मिलिग्रॅम, शेवटच्या डोसची वेळ आणि चोवीस तासांत किती गोळ्या झाल्या ते लिहून न्या. शिवाय गोळी नसताना दुखणे कसे होते ते लिहा: आपोआप दुखते की काही लागल्यावर, गाराने की गरमाने, किती मिनिटे, झोपेतून उठवते का, आडवे झाल्यावर वाढते का. गरमाने वाढणारा आणि गाराने थांबणारा ठणका हा फार बोलका पुरावा आहे, आणि कोणतीही गोळी तो कागदावरून पुसू शकत नाही.

कोणती औषधे थांबवायची नाहीत तेही स्पष्ट करतो. हृदयासाठी चालू असलेले कमी डोसचे ॲस्पिरिन, सांधेदुखी किंवा दम्यासाठी चालू असलेली स्टेरॉइड, फिटची औषधे यांना दाताच्या चाचणीसाठी हात लावायचा नाही. त्यांची नोंद पुरते. दिवसाची कमाल मर्यादाही दुखण्याच्या भरात ओलांडली जाते: डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय आयबुप्रोफेन १२०० मिलिग्रॅम, आणि निरोगी यकृत असलेल्या प्रौढाला पॅरासिटामॉल ४ ग्रॅम, जोडगोळ्यांमधले धरून. पोटाचा अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, रक्त पातळ करणारी औषधे, ॲस्पिरिनने उठणारा दमा किंवा गरोदरपणाचे २० आठवडे उलटलेले असतील तर आयबुप्रोफेनच्या गटापासून दूर राहून डॉक्टरांना विचारावे. अँटिबायोटिक घेतल्याने सुजलेल्या पल्पचे दुखणे कमी होत नाही, तेव्हा 'आधी कोर्स करून मग जातो' यात फक्त दिवस जातात.

गालाला किंवा जबड्याखाली सूज, ताप, तोंड उघडत नाही, गिळायला त्रास, यातले काहीही असेल तर चाचणी शुद्ध मिळावी म्हणून थांबू नका. गोळी घ्या आणि लगेच निघा. तिथे निदानासाठी गाराची गरजही बहुधा पडत नाही. श्वासाला अडथळा वाटला तर दंतवैद्य नव्हे, थेट रुग्णालयाचा तातडीचा विभाग.

गोळी भरात असताना रुग्ण खुर्चीत येऊन बसलाच तर तपासणाऱ्याने काय करावे? ज्या गोष्टींना वेदनेची गरज नाही त्या आधी: क्ष-किरण दोन वेगळ्या कोनांतून, दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीची (खिशाची) खोली दाताभोवती फिरून, चिरेसाठी प्रकाश आडवा टाकून, जुन्या फिलिंगच्या कडा. क्ष-किरणात मुळाशी काळा डाग नाही म्हणून खूश होऊ नये, हाडातले बरेच खनिज गेल्याशिवाय तो दिसत नाही आणि पल्पची सूज तर दिसतच नाही. मग चावण्याची चाचणी, दाढेच्या माथ्यावरच्या एकेका उंचवट्यावर, कारण ती गोळीला तुलनेने कमी बळी पडते. चिरलेल्या दातात चावा सोडताना येणारी तीक्ष्ण सणक सहसा टिकून असते. त्यानंतर गार आणि ठोकणे, प्रत्येक निकालाशेजारी 'आयबुप्रोफेन ४००, एक तासापूर्वी' अशी नोंद. इतिहास, क्ष-किरण आणि एक तरी चाचणी एकाच दाताकडे बोट दाखवत असतील तर उपचार करायला हरकत नाही. नसतील तर दात उघडायचा नाही, गोळी उतरल्यावर, आठेक तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलवायचे. रुग्णाला हे नकोसे वाटते, पण उघडलेला निरोगी दात परत बंद करून पूर्वीसारखा होत नाही.

आणि चाचण्या संपल्या, दात ठरला, की हीच गोळी कामाची होते. पल्प खूप सुजलेला असताना खालच्या जबड्यात दिलेले बधिरतेचे इंजेक्शन वरचेवर अपुरे पडते. उपचाराच्या तासभर आधी आयबुप्रोफेन घेतले असेल तर ते लागू होण्याची शक्यता वाढते. म्हणून उद्या गोळी खिशात ठेवा आणि चाचणी झाल्यावर विचारा, 'आता घेऊ का?' तुम्हाला आयबुप्रोफेन चालत असेल आणि उपचार त्याच दिवशी होणार असतील तर उत्तर बहुधा 'हो, आणि तासाभराने सुरू करू' असे येईल.